बाळगण्याचे आणि कर्तव्यावरील पिस्तूल: रचना समजून घेण्याची व फेरबदल करण्याची रीत

स्पर्धेसाठी तयार केलेले पिस्तूल आणि रोज कमरेला लावून फिरायचे पिस्तूल यांत वरवर पाहता फारसा फरक दिसत नाही. परंतु पहिल्याने ऐनवेळी दगा दिला तर गुण जातात आणि दुसऱ्याने दिला तर जीव जाऊ शकतो. म्हणून पुढे प्रत्येक भाग आणि प्रत्येक फेरबदल एकाच कसोटीवर पारखला आहे: ट्रिगर ओढल्यावर गोळी सुटलीच पाहिजे आणि ट्रिगर ओढल्याशिवाय ती कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये. या कसोटीला धक्का न लावता पिस्तूल धरायला, त्याने नेम साधायला आणि ते बाळगायला सोपे करणारा बदल करावा. धक्का लावणारा बदल कितीही आकर्षक असला तरी सोडून द्यावा. त्यातून कामाचा क्रमही आपोआप ठरतो. आधी मूठ, मग साइट (नेम धरायची खूण), मग होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) आणि लाइट, आणि ट्रिगरच्या आतल्या भागांचा विचार सर्वांत शेवटी, बहुतेक वेळा तर मुळीच नाही.

हे विवेचन परवानाधारक आणि सेवेतील व्यक्तींसाठी आहे. मॅगझीनची (काडतुसे भरायच्या डबीची) क्षमता, नळीची लांबी, नळीच्या टोकावर बसवायचे भाग, ट्रिगरचे वजन यांविषयीचे नियम देशागणिक आणि कधीकधी प्रांतागणिक बदलतात, त्यामुळे सुटा भाग विकत घेण्याआधी आपल्या भागातील कायदा पाहावा. सेवेतील पिस्तूल दलाच्या मालकीचे असते. त्यात लेखी परवानगीशिवाय साधा स्क्रूसुद्धा बदलू नये आणि जो बदल मंजूर होईल तो दलाच्या आर्मररकडूनच (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच) करून घ्यावा.

आकार, वजन आणि कॅलिबर

गणवेशावर उघडे लावायचे पिस्तूल मोठे असले तरी चालते, किंबहुना ते मोठेच असावे. लांब मुठीवर पूर्ण पंजा बसतो, वजन धक्का शोषून घेते आणि पुढच्या व मागच्या साइटमधले अंतर जास्त असल्याने नेमातील चूक लवकर डोळ्यांत भरते. 1911 साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले, जॉन ब्राउनिंगच्या रचनेचे कोल्ट रिकामे असतानाच सुमारे 1.1 किलो भरते आणि त्याच्या मॅगझीनमध्ये .45 कॅलिबरची (गोळीचा व्यास इंचात) सातच काडतुसे मावतात. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये निवडलेले ग्लॉक 17 प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या फ्रेममुळे (सांगाड्यामुळे) मॅगझीन वगळता 630 ग्रॅमच्या आसपास राहते आणि 9 मिलिमीटरची 17 काडतुसे घेते. आज बहुतेक दलांत जी पिस्तुले दिसतात ती या दुसऱ्या वाटेने आलेली आहेत. पोलादी किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेमचा धक्का हाताला मऊ लागतो हे खरे. परंतु दहा-बारा तास पट्ट्यावर वागवायच्या वस्तूत अर्धा किलोचा फरक संध्याकाळी कंबरेला चांगलाच जाणवतो.

कपड्यांखाली बाळगायच्या पिस्तुलाचा हिशोब वेगळा आहे आणि येथे अनेकांची निवड चुकते. नळी आखूड असली की पिस्तूल लपते, असा समज आहे. प्रत्यक्षात नळी पट्ट्याच्या खाली जाते आणि तिथे थोडी लांबी असली तर होल्स्टर उलट अधिक स्थिर बसते. कपड्यातून उठून दिसते ती मूठ. ग्लॉक 17 आणि 1988 मध्ये आलेले ग्लॉक 19 यांची तुलना करून पाहावी. नळी 114 मिलिमीटरवरून 102 मिलिमीटरवर आली, मूठ साधारण एक सेंटीमीटरने कमी झाली आणि क्षमता 15 वर आली. लपवण्याच्या दृष्टीने या तीन बदलांपैकी मुठीचा तो एक सेंटीमीटर सर्वांत मोलाचा आहे. 2018 मध्ये सिग सावरच्या पी365 ने तळहाताएवढ्या पिस्तुलात दहा काडतुसे बसवली, तेव्हापासून लहान पिस्तूल म्हणजे सहा-सात काडतुसे हे समीकरण मागे पडले. तरीही लहान पिस्तूल चालवायला अवघड असते, ही गोष्ट कोणत्याही रचनेने बदललेली नाही. कमी वजन आणि आखूड मूठ म्हणजे अधिक उसळी. नवशिक्याने पहिले पिस्तूल म्हणून सर्वांत लहान नमुना घेऊ नये. मध्यम आकार घ्यावा आणि तो लपवण्यासाठी पट्टा, होल्स्टर आणि कपडे यांवर मेहनत करावी.

कॅलिबरच्या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. 1986 मध्ये मायामीत एफबीआयच्या अधिकाऱ्यांचे बळी घेणारी जी चकमक झाली, तिच्यानंतर त्या संस्थेने अधिक भारी काडतुसाचा शोध सुरू केला, त्यातून आधी 10 मिलिमीटर आणि मग 1990 मध्ये .40 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतूस पुढे आले, आणि 2010 च्या दशकात गोळीची रचना सुधारल्यावर तीच संस्था 9 मिलिमीटरकडे परतली. चाचणीत शरीराऐवजी वापरायच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात 30 ते 46 सेंटीमीटर शिरणे हा तिचा निकष आज 9 मिलिमीटरच्या चांगल्या काडतुसांना पुरा करता येतो. धक्का कमी, काडतुसे जास्त, सराव स्वस्त: निवड करायला एवढी कारणे पुरेशी आहेत.

मूठ: पहिला आणि सर्वांत उपयोगी बदल

मूठ हाताला बसते की नाही हे पाहण्याआधी पिस्तूल रिकामे करावे. मॅगझीन काढावे, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवावी, चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग पिस्तूल शक्य तितके वर धरावे, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांमधला खळगा मुठीच्या मागच्या बाजूला अगदी वरपर्यंत टेकला पाहिजे आणि नळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या रेषेत आली पाहिजे. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सरळ टेकला तर मूठ योग्य आहे. बोटाचे फक्त टोक पोहोचत असेल तर मूठ मोठी आहे आणि गोळ्या एका बाजूला जाऊ लागतात. बोट पेराच्या खाचेपर्यंत आत जात असेल तर मूठ लहान आहे आणि ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी तिरका ओढला जातो. ट्रिगरवर येताना बोटाची कड फ्रेमला घासत असेल तर तेही नोंदवावे.

हा दोष दूर करायला पैसा फारसा लागत नाही. वॉल्थर पी99 ने 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुठीची बदलता येणारी मागची पट्टी आणली आणि आता कर्तव्यावरील जवळपास प्रत्येक पिस्तुलासोबत दोन-तीन मापांच्या पट्ट्या येतात. आश्चर्य असे की बहुतेक पिस्तुले कारखान्यातून लागून आलेल्या पट्टीसहच वर्षानुवर्षे वापरली जातात आणि बाकीच्या पट्ट्या डब्यातच राहतात. प्रत्येक पट्टी लावून वरची तपासणी करावी, मग डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याकडे रोखावे आणि डोळे उघडून पाहावे; साइट आपसूक एका ओळीत दिसतात ती पट्टी ठेवावी.

मुठीच्या खरखरीतपणाचाही असाच विचार करावा. घामेजल्या किंवा ओल्या हातातून पिस्तूल घसरू नये म्हणून पृष्ठभाग खरखरीत हवा. पण कपड्यांखाली बाळगायचे पिस्तूल दिवसभर कातडीला आणि अस्तराला घासते, त्यामुळे गणवेशातील पिस्तुलाला शोभणारा तीव्र खरखरीतपणा तिथे त्रासदायक ठरतो. चिकटवायची रबरी किंवा वाळूच्या कागदासारखी पट्टी हा उत्तम प्रयोग आहे, कारण ती पटली नाही तर काढता येते. तापलेल्या सळईने पॉलिमरवर ठिपके उठवण्याचे काम कायमचे असते, हमी बहुधा संपवते आणि फ्रेम जिथे पातळ आहे तिथे आरपार भोक पाडू शकते. ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे. ट्रिगर गार्डच्या खालच्या कोपऱ्यातील थोडे साहित्य काढून हात वर सरकवण्याच्या कामालाही हाच नियम लागू होतो. लहान पिस्तुलात जाणवणारा फरक कमी कष्टात हवा असेल तर मॅगझीनचा तळ करंगळीपुरता वाढवणारा भाग लावून पाहावा, मात्र त्यामुळे मूठ पुन्हा लांब होऊन कपड्यातून दिसू लागेल हे लक्षात ठेवावे.

ट्रिगर आणि सुरक्षायंत्रणा

कोणताही ट्रिगर बदलण्याआधी आपले पिस्तूल कोणत्या पद्धतीने चालते ते नीट समजून घ्यावे. सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगर फक्त आधीच ताणलेला हॅमर (फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा) सोडतो. ओढ हलकी आणि छोटी असते, म्हणून 1911 च्या रचनेत अंगठ्याची सेफ्टी आणि मुठीच्या मागची सेफ्टी अशा दोन आडकाठ्या आहेत. डबल अॅक्शनमध्ये ट्रिगरच हॅमर मागे नेतो आणि सोडतो. 1985 मध्ये अमेरिकी लष्कराने एम9 या नावाने घेतलेल्या बेरेटा 92 मध्ये पहिली गोळी अशा लांब आणि जड ओढीने सुटते, पुढच्या गोळ्या हलक्या ओढीने. या दोन ओढींमधील संक्रमणाचा सराव वेगळा करावा लागतो, पण पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवताना हॅमरवर अंगठा ठेवून तो हलत नाही ना हे जाणता येते, हा या रचनेचा मोठा गुण आहे. स्ट्रायकरच्या (स्प्रिंगने थेट पुढे झेपावणाऱ्या पिनच्या) पिस्तुलात हॅमर नसतो, प्रत्येक ओढ सारखी असते आणि सुरक्षा बहुतांशी आतल्या भागांवर अवलंबून असते: ट्रिगरच्या पात्यातील लहान जीभ, ट्रिगर मागे येईपर्यंत फायरिंग पिनची वाट अडवणारा खिळा आणि पडल्यावर स्ट्रायकर सुटू न देणारी रचना.

हे सगळे भाग एकमेकांच्या मापाने बनलेले असतात. म्हणूनच इंटरनेटवर मागवलेला हलका ट्रिगर संच घरी बसवणे मला पटत नाही, आणि त्याची कारणे यांत्रिक आहेत. स्ट्रायकरची स्प्रिंग हलकी केली की ओढ हलकी होते, पण काडतुसाच्या प्रायमरवरचा (बुडातील, ठिणगी देणाऱ्या टोपणावरचा) आघातही कमी होतो. सरावाच्या मऊ प्रायमरवर पिस्तूल बिनतक्रार चालते आणि कठीण प्रायमरच्या काडतुसावर नुसता खट आवाज येतो. अडकवणाऱ्या कडांची पकड कमी केली की ट्रिगर काच फुटावी तसा एकदम सुटतो, पण झीज झाल्यावर ती पकड कुठवर राहील याची खात्री कोणी देत नाही. ट्रिगरच्या पात्याच्या वजनाचेही तसेच आहे. 2017 मध्ये सिग सावरच्या पी320 पिस्तुलाचे काही नग मागच्या बाजूवर ठरावीक कोनात पडल्यास ट्रिगरला हात न लागता चालतात असे चाचण्यांत दिसले. पडल्याच्या हादऱ्याने जडत्वामुळे ट्रिगर स्वतःच मागे जात होता. कंपनीने देऊ केलेल्या सुधारणेत इतर बदलांबरोबर हलक्या वजनाचा ट्रिगरही होता. पॉलिमरचे पाते काढून शोभेचे धातूचे पाते बसवण्याआधी हे प्रकरण आठवावे.

ट्रिगर फार जड असला तरी सुरक्षितता वाढते असे नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने दीर्घकाळ सुमारे 12 पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचा ट्रिगर आग्रहाने वापरला. नकळत बोट दाबले जाण्याला त्याने आडकाठी होते, पण 630 ग्रॅमचे पिस्तूल साडेपाच किलोंच्या ओढीखाली स्थिर ठेवणे कठीण आणि चुकलेली गोळीही कोणाला तरी लागू शकते. दोन ते तीन किलोंच्या दरम्यानची, प्रत्येक वेळी सारखी आणि खडखड न करणारी ओढ ही बाळगण्याच्या स्ट्रायकर पिस्तुलासाठी मला वाजवी वाटते, आणि बहुतेक नमुने कारखान्यातून या मापाच्या आसपासच येतात. आपल्या पिस्तुलाची ओढ साध्या ओढ-मापकाने दहा वेळा मोजावी. सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतील फरक महत्त्वाचा. तो मोठा असेल तर मळ, तेलाचा अभाव किंवा झिजलेला भाग शोधावा. नवीन पिस्तुलाचा करकरीतपणा पुष्कळदा रिकाम्या सरावाने आणि काहीशे गोळ्यांनी आपोआप जातो.

अंगठ्याची सेफ्टी असावी की नसावी यावर मतभेद राहणारच. असेल तर ती प्रत्येक वेळी, प्रत्येक सरावात खाली करावी, इतकी की हात विचार न करता ती करेल. डावखुऱ्यांनी ती दोन्ही बाजूंना असलेले नमुने पाहावेत. मात्र स्लाइडवर बसवलेली सेफ्टी स्लाइड ओढताना नकळत लागू शकते, म्हणून ती हाताळून पाहिल्याशिवाय पिस्तूल निवडू नये. आणि कारखान्याने दिलेली कोणतीही सेफ्टी काढून टाकू नये, मग ती मॅगझीन काढल्यावर ट्रिगर निकामी करणारी, ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या पिस्तुलांतली, ओढ थोडी जड करणारी यंत्रणा का असेना. पुढे काही अनुचित घडले तर पहिला प्रश्न त्याच भागाविषयी विचारला जाईल.

साइट: येथे खर्च करावा

अनेक पिस्तुलांवर कारखान्यातून प्लास्टिकच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या साइट येतात. त्या बदलून पोलादी घेणे हा बाळगण्याच्या पिस्तुलातील सर्वांत फायद्याचा खर्च आहे. मागची साइट काळी, तिची खाच पुढच्या साइटपेक्षा थोडी रुंद, आणि पुढच्या साइटवर ठळक रंगाचे वर्तुळ, अशी जोडी डोळ्याला आपोआप पुढे खेचते. मागच्या साइटचा पुढचा चेहरा सरळ उभा असावा, म्हणजे एक हात जखमी असताना तो पट्ट्याला किंवा बुटाच्या टाचेला अडकवून स्लाइड ओढता येते. अंधारासाठी ट्रिटियमच्या (स्वतः उजेड देणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या) साइट मिळतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे असल्याने बारा वर्षांच्या साइटचा उजेड निम्म्यावर आलेला असतो. जुने पिस्तूल घेताना साइटवरील उत्पादनाचे वर्ष म्हणूनच पाहावे.

साइट बदलल्यावर गोळ्या वर-खाली लागू लागल्या तर अंदाजाने कानस चालवू नये. हिशोब सोपा आहे. आधी टेबलावर टेकवून, शांतपणे, पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन गट पाडावेत आणि चूक हाताची नसून साइटची आहे याची खात्री करावी. मग गोळ्यांच्या गटाचे मध्यापासूनचे अंतर दोन साइटमधील अंतराने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. समजा, दोन साइटमध्ये 150 मिलिमीटर आहेत, लक्ष्य 15 मीटरवर आहे आणि गट 60 मिलिमीटर खाली पडतो आहे. 60 गुणिले 150 भागिले 15,000 म्हणजे 0.6 मिलिमीटर. गोळ्या खाली लागत असतील तर पुढची साइट तेवढी कमी उंचीची हवी, वर लागत असतील तर तेवढी जास्त उंचीची. आडव्या दिशेला मागची साइट ज्या बाजूला सरकवावी त्या बाजूला गोळ्या सरकतात. याच गणितातून हेही कळते की साइटच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक 15 मीटरवर 100 मिलिमीटर होते, आणि साइटमधील अंतर कमी असलेल्या लहान पिस्तुलात चूक एवढी का वाढते तेही. साइट खाचेतून ठोकून काढताना पितळी किंवा नायलॉनचा ठोकणा वापरावा. साइट बसवण्याचे यंत्र मिळाले तर उत्तमच.

रेड डॉट साइटने (काचेवर उजळ ठिपका दाखवणाऱ्या साइटने) गेल्या काही वर्षांत सेवेतील पिस्तुलांचे रूपच पालटले. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी डोळ्याने सांभाळण्याऐवजी नजर लक्ष्यावर ठेवायची आणि ठिपका त्यावर येऊ द्यायचा, हा लाभ चाळिशीनंतरच्या डोळ्यांना विशेष जाणवतो. दृष्टिवैषम्य असलेल्यांना मात्र ठिपका गोल न दिसता पसरलेला, फुटलेला दिसतो. विकत घेण्याआधी काचेतून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. ठिपक्याचे माप एमओएमध्ये (कोनाच्या मिनिटांत) देतात. एक एमओए म्हणजे 25 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर, त्यामुळे तीन एमओएचा ठिपका तिथे 22 मिलिमीटर झाकतो आणि सहाचा 44. लहान ठिपका अचूक, मोठा लवकर सापडणारा. कर्तव्यासाठी तीन ते सहाच्या दरम्यानचा कोणताही चालतो.

खरी अडचण बसवण्यात असते. प्रत्येक साइटचा तळ वेगळा, स्लाइडवरील खाच वेगळी, म्हणून ट्रिजिकॉन आरएमआर, ल्युपोल्ड डेल्टापॉइंट, शील्ड आरएमएससी अशा वेगवेगळ्या तळांसाठी मधल्या पट्ट्या वापरतात. पट्टी जितकी जास्त तितके ढिले होऊ शकणारे जोड जास्त, त्यामुळे स्लाइडमध्ये थेट बसणारी साइट मिळाली तर ती निवडावी. स्क्रू आणि त्यांची छिद्रे अल्कोहोलने पुसून तेलमुक्त करावीत, स्क्रूवर निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) थेंबभर लावावे आणि निर्मात्याने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावे. ते माप साधारण 1.4 न्यूटन-मीटरच्या आसपास असते आणि हाताच्या अंदाजाने ते हमखास चुकते. स्क्रूच्या लांबीकडे विशेष लक्ष द्यावे. काही स्लाइडमध्ये उजव्या बाजूचे छिद्र एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे कवच बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) दांड्याच्या पोकळीत उघडते; तिथे अर्धा मिलिमीटर लांब स्क्रू गेला की तो दांड्याला दाबतो आणि रिकामी कवचे अडकू लागतात, आणि दोष मात्र काडतुसाला दिला जातो. स्क्रू आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून स्लाइडवर उतरणारी रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. डॉट बंद पडला तरी नेम घेता यावा म्हणून काचेतून खालच्या भागात दिसणाऱ्या उंच साध्या साइट असाव्यात. बॅटरी बदलण्यासाठी साइट काढावी लागणारी रचना असेल तर प्रत्येक वेळी नेम पुन्हा तपासावा. बाजूने किंवा वरून बॅटरी घालता येणारे नमुने म्हणूनच अधिक सोयीचे.

होल्स्टर आणि लाइट

महाग पिस्तूल आणि स्वस्त होल्स्टर ही जोडी फार दिसते आणि ती उलटी असावी असे म्हणावेसे वाटते. होल्स्टरने ट्रिगर गार्ड पूर्ण आणि कडक साहित्याने झाकला पाहिजे, बाहेरून दाबले तरी ट्रिगरपर्यंत काही पोहोचता कामा नये. पिस्तूल काढल्यावरही त्याचे तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ पडलेल्या कातड्याची घडी, जाकिटाची दोरी किंवा सदऱ्याचे टोक आत जाऊन पिस्तूल ठेवताना गोळी सुटल्याचे प्रसंग घडलेले आहेत. काढताना घाई समजू शकते. ठेवताना घाई करण्याचे कोणतेही कारण नसते, तेव्हा कपडा बाजूला करून, पाहून, सावकाश ठेवावे. गणवेशावरील होल्स्टरला दुसऱ्याने पिस्तूल हिसकावू नये म्हणून अंगठ्याने उघडणारे एक किंवा अधिक अडथळे हवेत, आणि नवीन होल्स्टर घेतल्यावर रिकाम्या पिस्तुलाने ते उघडण्याचा सराव पक्का होईपर्यंत ते कर्तव्यावर लावू नये.

लाइट लावायचा ठरवला तर तो होल्स्टर घेण्याआधी ठरवावा, कारण होल्स्टर त्या विशिष्ट लाइटच्या मापाने बनते. कर्तव्यावरील पिस्तुलाला मी लाइट आवश्यक मानतो, बाळगण्याच्या पिस्तुलाला ऐच्छिक. पिस्तुलावरचा लाइट शोध घेण्यासाठी नसतो. ज्याच्यावर पिस्तूल रोखणे योग्य नाही त्याच्यावर तो लाइटही रोखता येत नाही, म्हणून हातातील वेगळा टॉर्च जवळ असलाच पाहिजे. मुठीवर बोटांनी दाबायचे स्विच टाळावेत, कारण ताणाखाली बोटे एकत्र आवळली जातात आणि लाइट लावण्याऐवजी ट्रिगर ओढला गेल्याच्या घटना दलांत घडल्या आहेत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लावायचा साधा स्विच पुरेसा आहे. लाइटमुळे पिस्तुलाची चालही बदलू शकते: .40 कॅलिबरच्या ग्लॉक 22 मध्ये लाइट लावल्यावर काडतूस चढण्यात अडचणी आल्या आणि त्यावर मॅगझीनच्या अधिक ताकदीच्या स्प्रिंगचा उपाय करावा लागला.

उरलेले बदल थोडक्यात

मॅगझीनच्या तोंडाशी बसवायची पसरट कड गणवेशात उपयोगी, कपड्यांखाली अडचणीची. नळीच्या टोकावरील कॉम्पेन्सेटर उसळी कमी करतो, पण गरम वायू वर फेकतो, शरीराजवळून गोळी झाडताना ते वायू आणि कण चेहऱ्याकडे येतात आणि कमजोर काडतुसांवर स्लाइड पूर्ण मागे जात नाही. अनुभवी माणसाने विचारपूर्वक घ्यावा. घामाने गंज चढत असेल तर नायट्राइड केलेली (पृष्ठभाग कडक केलेली) किंवा डीएलसीचा (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा) थर दिलेली स्लाइड निवडावी, निळसर पॉलिशच्या जुन्या पिस्तुलाला रोज पुसण्याची सवय ठेवावी. स्लाइडमध्ये शोभेच्या खिडक्या कापून घेऊ नयेत: वजन घटल्याने स्प्रिंगचा समतोल बिघडतो आणि कचरा आत जातो.

बदल केल्यावरची तपासणी

पिस्तूल जोडून झाले की रिकाम्या अवस्थेत कामकाज तपासावे. ट्रिगर ओढून तो दाबलेलाच ठेवावा, स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडावी, मग ट्रिगर हळूहळू पुढे येऊ द्यावा. परतल्याची खटक स्पष्ट जाणवली पाहिजे आणि पुन्हा ओढल्यावर स्ट्रायकर किंवा हॅमर सुटला पाहिजे. स्लाइड थोडी मागे धरून ट्रिगर ओढल्यास काही सुटता कामा नये. सेफ्टी लावून ओढल्यासही नाही. पुस्तिकेत फायरिंग पिन अडवणाऱ्या खिळ्याची तपासणी दिलेली असते, तीही करावी. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर पिस्तूल आर्मररकडे जाईपर्यंत त्यात काडतूस घालू नये.

त्यानंतर मैदानावर सरावाच्या किमान 200 गोळ्या आणि रोज बाळगायच्या प्रत्येक मॅगझीनमधून प्रत्यक्ष बाळगायच्या काडतुसांचे दोन फेरे, हा मी किमान हिशोब धरतो. त्यात एका हाताने, नंतर दुसऱ्या हाताने, लाइट लावून आणि काढून, सैल मनगटानेही झाडून पाहावे. बिघाड झाला तर मॅगझीनचा क्रमांक, काडतुसाचा प्रकार आणि बिघाडाचे स्वरूप लगेच लिहावे, आणि कारण सापडून दुरुस्ती झाल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी. मॅगझीनांवर क्रमांक रंगवण्याचे कारण हेच आहे. पिस्तुलाच्या नावावर जाणारे पुष्कळ बिघाड एका सदोष मॅगझीनचे असतात. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर दोष कोणत्या भागाचा ते कळत नाही.

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे परत आणणारी) निर्मात्याने दिलेल्या मुदतीत बदलावी. ती बहुधा तीन ते पाच हजार गोळ्यांची असते, लहान पिस्तुलांत त्याहून कमी. डॉटची बॅटरी दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला, चालू असली तरी, बदलावी. आणि रोज पिस्तूल रिकामे करून पुन्हा भरणाऱ्यांनी चेंबरमध्ये तेच एक काडतूस वारंवार चढवू नये. चढताना प्रत्येक वेळी गोळीचे टोक आदळते आणि ती हळूहळू कवचात आत सरकते. आतली जागा कमी झाल्याने दाब धोकादायक वाढू शकतो. चेंबरमधून काढलेले काडतूस त्याच पेटीतील नव्या काडतुसाशेजारी सपाट काचेवर उभे करून उंची पाहावी, आणि ते किंचितही बुटके दिसले तर बाळगण्याच्या साठ्यातून कायमचे बाजूला काढावे.